गुरुजींची वही



कवीला नभोवाणीवर बोलावलं की तो कविता ऐकवल्याशिवाय सोडणार नाही, अशी धास्ती ऐकणाऱ्यांना असते. म्हणून आधीच सांगून टाकतो, आज कविता नाही. आज बोलायचं आहे ते एका वहीबद्दल. शंभर पानी, एकरेघी, खाकी कव्हर घातलेली साधी शाळकरी वही. ती आमच्या गुरुजींची आहे. तिच्यात जे काही लिहिलं होतं ते एका सकाळी सगळंच्या सगळं चुकीचं ठरलं. कसं ते सांगतो. गुरुजींच्या परवानगीनेच सांगतो आहे.

गुरुजी आता ऐंशीला टेकलेत. प्राथमिक शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. आमच्या घरात दखनी बोलली जायची, त्यामुळे 'ळ' आणि 'ण' ही अक्षरं माझ्या जिभेला जड जायची. 'बाळ' म्हणायला जावं तर तोंडातून 'बाल' यायचं. गुरुजींनी वर्गाला कधी मला हसू दिलं नाही. शाळा सुटली की ओसरीवर बसवून 'कमळ, बाण, पाळणा' असे शब्द ते माझ्याकडून घोकून घ्यायचे. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो, त्याचं मूळ त्या ओसरीवर आहे.

काही वर्षांपूर्वी गुरुजींच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. तेव्हा गुरुजींनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, तुला 'ळ' मी शिकवला. आता हे यंत्र तू मला शिकव. म्हणजे फिटंफाट."

मी शिकवू लागलो. गुरुजी हाडाचे मास्तर. लिहून घेतल्याशिवाय शिकलो असं ते मानतच नाहीत. त्यांनी ती वही घातली आणि सुवाच्य अक्षरात एकेक पायरी मांडली. 'पायरी १ : खालच्या पट्टीतल्या गोल चित्रावर टिचकी. पायरी २ : वर डावीकडून तिसरी खूण म्हणजे बँक. चौथी खूण म्हणजे वर्तमानपत्र. पायरी ३ : घराचं चित्र दाबलं की पहिल्या पानावर परत.' पट्टी घेऊन त्यांनी पडद्याची आकृतीही काढली होती, बाण आणि आकडे घालून. त्या वहीच्या आधारावर हा माणूस घरबसल्या बँकेतली शिल्लक बघायचा, पेन्शन जमा झाली की नाही ते तपासायचा, विजेचं बिल भरायचा आणि उरलेल्या वेळात जुने मराठी ग्रंथ उघडून वाचत बसायचा. कुणाच्या हातापाया पडायची गरज उरली नव्हती.

आणि गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, तर ब्राउझर रातोरात बदललेला. मी नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. जे एकाने केलं ते थोड्याफार फरकाने सगळेच करतात. वरची खुणांची पट्टी दिसेना. घराचं चित्र कुठे गेलं कळेना. उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं उभी होती. मध्येच एक चौकट उघडली आणि 'नवीन काय आहे ते पाहा' म्हणू लागली. बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारायचं एक नवं बटण. गुरुजींनी वही उघडली, पायरी दोन वाचली, वर डावीकडून तिसरी खूण शोधली. तिथे काहीच नव्हतं.

मला हे तीन आठवड्यांनी कळलं. मी सहज गेलो होतो. कॉम्प्युटरवर जुनं धोतर फाडून केलेलं फडकं टाकलेलं. मी विचारलं, "गुरुजी, बंद का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी काहीतरी बिघडवलं रे. कुठेतरी भलतंच दाबलं गेलं असणार. आता वय झालं."

श्रोतेहो, माझं आजचं भाषण त्या एका वाक्यासाठी आहे. 'मी काहीतरी बिघडवलं.' त्यांनी काहीही बिघडवलं नव्हतं. बदल दुसऱ्या कुणीतरी, हजारो मैलांवर बसून केला होता. पण अपराधी वाटलं ते आमच्या गुरुजींना.

मधल्या तीन आठवड्यांत त्यांनी काय केलं असेल? कोपऱ्यावर ऑनलाइन कामं करून देणारं एक दुकान आहे, तिथे जाऊन त्यांनी एका चिठ्ठीवर बँकेचा पासवर्ड लिहून दिला. दुकानदार भला माणूस, काही विपरीत घडलं नाही. पण त्या पासवर्डमध्ये गुरुजींच्या दिवंगत पत्नीचं नाव होतं. आता सांगायला हरकत नाही, तो बदलला आहे. पण जे नाव चार माणसांत घ्यायला त्यांचा गळा दाटून येतो, ते त्यांना दुकानाच्या फळीवर लिहून द्यावं लागलं. नव्या आवृत्तीत काय सुधारलं याची यादी कंपनी देते. हे नुकसान तिच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? चार बटणं इकडची तिकडे झाली, दोन दिवसांत सवय होते. सवयीला आपण फार स्वस्त समजतो. माझे अब्बा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवायचे. त्यांच्यासमोर केस असायची, म्हणजे खणाखणांची मोठी लाकडी पेटी. प्रत्येक अक्षराला वेगळा खण. इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीला खण कितीतरी जास्त, कारण काना-मात्रा आहेत, रफार आहेत, जोडाक्षरं आहेत. वारंवार लागणारी अक्षरं हाताजवळ, क्वचित लागणारी लांब. अब्बा समोरच्या माणसाशी बोलत असायचे आणि हात आपोआप बरोबर खणात जायचा. त्यांना विचारलं असतं की 'क्ष' कुठे आहे, तर त्यांना सांगता आलं नसतं. पण हाताला ठाऊक होतं. ते ज्ञान मिळवायला त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता समजा, मालकाने एका रात्री सगळे खण बदलले असते आणि सकाळी म्हटलं असतं, 'नवी मांडणी जास्त सुंदर आहे, घ्या सवय करून.' त्या दिवशी छापखान्यातला सगळ्यात कुशल माणूस सगळ्यात मंद ठरला असता. पुढे ऑफसेट आणि डीटीपी आलं, केसेस भंगारात गेल्या, तो वेगळा विषय. पण जोवर केस होती, तोवर तिचे खण कुणी अब्बांना न विचारता हलवले नाहीत.

सवय म्हणजे आळस नव्हे. सवय ही माणसाने कष्टाने कमावलेली पुंजी असते. ती ज्याची, त्याला न विचारता कुणी बुडवू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

पण मी दुसरी बाजूही सांगणार आहे. नाहीतर हे नुसतं म्हातारपणीचं रडगाणं होईल.

ब्राउझर म्हणजे काय? तो आपला दुभाषा आहे. लांबच्या कॉम्प्युटरवरून आपल्याकडे येतो तो मजकूर आणि त्याबरोबरच्या सूचना. हे अक्षर मोठं काढा, ते चित्र इथे लावा, इथे बटण ठेवा. त्या वाचून आपल्या पडद्यावर पान रेखाटायचं काम ब्राउझर करतो. शिवाय बँकेशी चाललेलं आपलं बोलणं वाटेत कुणी चोरून ऐकू नये म्हणून ते गुप्त भाषेत गुंडाळण्याचं कामही त्याचंच.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेकमुळे तो सामान्यांपर्यंत पोचला. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नवी आवृत्ती उतरवून घ्यायची म्हणजे तासन्‌तास फोन अडकून पडायचा. त्यामुळे ज्याला हवी तोच घ्यायचा. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. पाच वर्षं जगभरच्या लोकांनी तीच चौकट पाहिली. हात बसायला पाच वर्षं मिळाली.

मग वेग आला. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती २००४ ची आणि चौथी मार्च २०११ ची, म्हणजे सव्वासहा वर्षं. पण त्याच २०११ च्या डिसेंबरपर्यंत नववी आवृत्ती येऊन ठेपली! हा वेग आणला गूगलच्या क्रोमने. तो सप्टेंबर २००८ मध्ये आला आणि त्याने नवीच रीत पाडली, वापरणाऱ्याला न विचारता मागच्या मागे स्वतःला बदलून घ्यायची. २०२१ मध्ये दोन आवृत्त्यांमधलं अंतर चार आठवड्यांवर आलं आणि मार्च २०२२ मध्ये क्रोमची शंभरावी आवृत्ती निघाली. सुमारे महिनाभराने फायरफॉक्सचीही शंभरी भरली. तेव्हा एक गमतीदार काळजी निर्माण झाली होती. काही संकेतस्थळांना आवृत्तीचे दोनच आकडे वाचायची सवय होती. ती शंभरला दहा समजतील आणि 'तुमचा ब्राउझर फार जुना आहे' म्हणून दारातून परत पाठवतील, अशी भीती होती. म्हणजे यंत्रांनाही सवय मोडताना त्रास होतोच.

एवढी घाई कशासाठी? याचं प्रामाणिक उत्तर आहे, चोरांसाठी. ब्राउझरमध्ये भोकं सापडतात आणि त्यांतून चोर शिरतात. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक मोठ्या कंपन्यांवर झालेल्या हल्ल्याची बातमी फुटली. हल्लेखोर इंटरनेट एक्सप्लोररमधल्या एका भोकातून शिरले होते. त्यानंतर जर्मनी आणि फ्रान्स या देशांच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत हा ब्राउझर वापरू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वेबची पानं घडवणाऱ्या मंडळींनी सहाव्या आवृत्तीची गमतीने अंत्ययात्रा काढली. शवपेटी, भाषणं, सगळं साग्रसंगीत. आणि मायक्रोसॉफ्टने त्या अंत्यविधीला फुलं पाठवली! खुद्द बनवणाऱ्यालाही ती आवृत्ती जावी असं वाटत होतं, आणि लोक मात्र तिला सोडत नव्हते. पुढे १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला.

बदललोच नाही तर काय होईल, असंही विचारता येईल. तर एक दिवस दारं आपोआप बंद होऊ लागतात. कोणत्या संकेतस्थळावर विश्वास ठेवायचा, याची हमी देणाऱ्यांची एक यादी प्रत्येक यंत्राजवळ असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका जुन्या, फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ज्या जुन्या यंत्रांना नवी यादी मिळालेली नव्हती, त्यांतल्या अनेकांवर चांगली चालती संकेतस्थळं उघडेनाशी झाली. त्या यंत्रांच्या मालकांनी काहीही दाबलं नव्हतं, काही बिघडवलं नव्हतं. ते फक्त जागच्या जागी थांबले होते.

आणि नको असलेला बदल कधी कधी आपलं भलंही करून जातो. हे माझ्यावरूनच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका मित्राच्या मुलाने माझ्या कवितांचं एक पान इंटरनेटवर तयार करून दिलं होतं. तेव्हा मराठीची सोय अशी होती की एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क' चं चित्र बसवायचं, दुसऱ्याच्या जागी 'ख' चं. आपल्याला मराठी दिसायची, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. जो तो आपापला फॉन्ट वापरायचा. तो फॉन्ट पानासोबत पाठवायची एक युक्तीही होती, पण ती एका विशिष्ट ब्राउझरवरच चालायची. मी खूष होतो. पुढे माझ्या भाच्याने मला न विचारता दुसरा, नवा ब्राउझर बसवून दिला. मी माझं पान उघडलं. कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी. अम्मीवर लिहिलेली कविता होती ती. भाचा म्हणाला, "मामू, हा मंत्र आहे का?" मी इतका चिडलो की दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पण खरं कारण नंतर कळलं. नव्या ब्राउझरने माझी कविता मोडली नव्हती, ती मुळात मराठीत नव्हतीच. नुसता मराठीचा मुखवटा होता. युनिकोड नावाच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, तिथे 'ळ' हा 'ळ'च असतो. मग आम्ही बसून एकेक कविता युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. पाच-सहा महिने गेले. आज ती पानं कुठल्याही यंत्रावर, मोबाइलवरही, मराठीतच उघडतात आणि कवितेतला एखादा शब्द टाकून शोधली तर सापडतात. ज्या 'ळ' साठी गुरुजींनी ओसरीवर एवढा घसा कोरडा केला, तो माझ्या पानावर त्या रागाच्या दिवसांनंतर आला.

मग माझी तक्रार काय आहे? माझी तक्रार अशी की दोन वेगवेगळ्या गोष्टी आपल्याला एकाच पुडीत बांधून दिल्या जातात. एक दुरुस्ती आणि दुसरी रंगरंगोटी. समजा, घरात नळ गळतोय. प्लंबर येतो, नळ नीट करतो आणि जाता जाता मोरी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. आपण म्हटलं, 'अहो, मोरी का हलवली?' तर म्हणतो, 'नळ नीट करून हवा होता ना? मग मोरीही तिथेच राहील.' ब्राउझरच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. भोक बुजवणं गरजेचं आहे, ते न विचारता बुजवलं तरी चालेल. पण खुणांची पट्टी हलवल्याने कुठला चोर अडतो?

मांडणी बदलण्यालाही कारणं असतात. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे सारखं दिसावं, पानाला जास्त जागा मिळावी, ही त्यांतली चांगली कारणं. दुसरं कारण पैशाचं. ब्राउझर आपल्याला फुकट मिळतो, पण तो उघडल्यावर समोर कोणाची शोधपेटी दिसते याला बाजारात मोठी किंमत आहे. अमेरिकेतल्या न्यायालयात गूगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला चालला, त्यात उघड झालं की ब्राउझरवर आणि फोनवर आपलीच शोधसेवा आधीपासून बसवलेली असावी यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली. लोक मुळात जे समोर येतं ते बदलत नाहीत, या एका भरवशावर एवढा पैसा. म्हणजे सवयीची किंमत मला आणि गुरुजींना कळायच्या आधी त्यांना नेमकी कळलेली आहे. फक्त ती त्यांच्या फायद्याची असते तेव्हा मोजायची आणि आपल्या सोयीची असते तेव्हा 'घ्या सवय करून' म्हणायचं, असा हा हिशेब आहे.

दुरुस्ती आणि रंगरंगोटी वेगळी करता येत नाही, असंही नाही. फायरफॉक्सने २०१२ मध्ये कचेऱ्या आणि संस्थांसाठी एक वेगळी, दीर्घ मुदतीची आवृत्ती सुरू केली. तीत सुमारे वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, मांडणी शक्यतो तीच राहते. सामान्य माणसालाही ती उतरवून घेता येते. पण ती आहे हे त्याला सांगणार कोण? कचेरीतल्या शंभर माणसांचा खोळंबा झाला तर तो पैशात मोजता येतो, म्हणून त्यांच्यासाठी सोय झाली. घरात एकटा बसलेला म्हातारा माणूस तीन आठवडे कॉम्प्युटरवर फडकं टाकून बसला, त्याचा खोळंबा कुणाच्या वहीत नाही.

आता गुरुजींच्या वहीकडे येतो. त्या दिवशी मी फडकं काढलं आणि म्हटलं, "गुरुजी, तुम्ही काही बिघडवलेलं नाही. त्यांनीच खण हलवलेत." अब्बांची केस गुरुजींनी पाहिलेली होती, शाळेच्या प्रश्नपत्रिका त्याच छापखान्यात छापल्या जायच्या. त्यांना लगेच उमगलं. म्हणाले, "असं होय! मग मघाचपासून मी कशाला लाजतोय?"

आम्ही दोघांनी मिळून नवी वही घातली. जुनी वही 'कुठे' ची होती. डावीकडून तिसरं, उजवीकडे वर. ती पुढच्या बदलात पुन्हा चुकणार. म्हणून नव्या वहीत जागा लिहायच्या नाहीत असं ठरलं. तिच्यात आम्ही कीबोर्डवरच्या कळा लिहिल्या. कारण मला एक मजेशीर गोष्ट ध्यानात आली होती. पडद्यावरची बटणं कितीही नाचली तरी नेहमीच्या वापरातल्या कळा गेली कितीतरी वर्षं तशाच आहेत आणि जवळजवळ सगळ्या ब्राउझरमध्ये सारख्याच आहेत. कंट्रोल धरून 'एल' दाबलं की पत्त्याच्या पट्टीत जाता येतं. 'टी' दाबलं की नवं पान. कंट्रोल आणि 'डी' म्हणजे पानाला खूण घालायची, 'एच' म्हणजे आजवर काय काय पाहिलं त्याची यादी, 'एफ' म्हणजे पानातला शब्द शोधायचा, अधिकचं चिन्ह म्हणजे अक्षर मोठं करायचं. चुकून पान बंद झालं तर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून 'टी' दाबायचं, गेलेलं पान परत येतं. ही शेवटची कळ गुरुजींना फार आवडली. म्हणाले, "आयुष्यात पण पाहिजे होती रे अशी."

दुसऱ्या पानावर तीन नियम लिहिले, तेही सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोगी पडतील. पहिला नियम : वैतागून अपडेट कायमचे बंद करायचे नाहीत, दाराला कडी नको म्हणण्यासारखं ते आहे. दुसरा नियम : एखादं पान 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे टिचकी मारा' असं ओरडू लागलं, तर मारायची नाही. असे निरोप पुष्कळदा भामट्यांचे असतात. खरी दुरुस्ती ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून होते. तिसरा नियम गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली रेघ मारली : 'पडदा वेगळा दिसला तर आधी स्वतःला दोष द्यायचा नाही.'

आणि जी शिकलेली तरुण मुलं दूरच्या शहरांत बसून हे ब्राउझर घडवतात, त्यांत आपल्याकडचीही पुष्कळ आहेत. त्यांना एक विनंती. भोकं जरूर बुजवा, रात्री बुजवा, आम्हाला न उठवता बुजवा. पण मोरी हलवायची असेल तर आधी दार वाजवा. काय हलवणार ते आमच्या भाषेत सांगा. आणि काही दिवस तरी 'पूर्वीसारखं करा' असं एक बटण समोर, दिसेल अशा जागी ठेवा. कुणाचे तरी गुरुजी वही उघडून बसलेले असतात.

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर पुन्हा बदलला. गुरुजींकडे तोच आहे. मला धस्स झालं. मी लगेच फोन लावला. म्हटलं, "गुरुजी, आज कॉम्प्युटर उघडलात का? काही वेगळं दिसतंय?"

ते म्हणाले, "बदललंय खरं काहीतरी. मी नीट बघितलं नाही. कंट्रोल धरलं, एल दाबलं आणि बँकेचा पत्ता टाकला. पेन्शन जमा झालीये. तू कसा आहेस?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)